आत्याचे तीस सेकंद

प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात, पण मी बावीस वर्षं टीव्हीसाठी आवाज रेकॉर्ड करते आहे, तेव्हा ह्या एका बाबतीत तरी माझं ऐकून घ्या. पंख्याची घरघर, भिंतीपलीकडचा नळ, खाली रस्त्यावर थांबलेली गाडी, हे सगळं मिळून खोली सतत काहीतरी पुटपुटत असते. म्हणून मुलाखत संपली की आम्ही आवाजवाले सांगतो, "तीस सेकंद कोणी बोलू नका, हलू नका." तेवढी नुसती शांतता आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. पुढे संकलनात वाक्यं कापली-जोडली की मधे भोकं पडतात, तिथे ह्या शांततेचं ठिगळ लावायचं. कापड त्याच ताग्यातलं हवं, नाहीतर टाके कानाला टोचतात.

बस. ह्यापलीकडे त्या तीस सेकंदांना काडीचा अर्थ नसतो. आणि त्याच तीस सेकंदांवरून माझ्या आत्याला साऱ्या जगासमोर गुन्हेगार ठरवलं गेलं. ते तीस सेकंद तिच्याकडे मागितले होते मी.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. शहराला पाणी पुरवणाऱ्या तळ्याकाठी शुद्धीकरण केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेत ती चौतीस वर्षं होती. रोज सकाळी तळ्याचं पाणी बाटलीत घ्यायचं, तपासायचं, आकडे वहीत लिहायचे. पण लोक तिला ओळखतात ते टीव्हीमुळे. मी शाळेत असताना शैक्षणिक वाहिनीवर दर गुरुवारी संध्याकाळी तिचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. टेबलावर काचेचं भांडं, वाळू, खडे, कोळसा. केस चापूनचोपून बसवलेले, आवाज खणखणीत. शेवटचं वाक्य ठरलेलं: "माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा." आणि पोरं खरंच करून बघायची. निम्म्या शहरातल्या आयांनी तिच्या नावानं बोटं मोडली असतील, कारण तेव्हा घरातली गाळणी जागेवर सापडेल तर शपथ. 'पाण्याच्या बाई' हे नाव तेव्हा पडलं, ते आजतागायत.

मी त्याच वाहिनीत नोकरीला लागले तीही तिच्यामुळेच. लहानपणी मी रडायला लागले की शेजारची चार घरं जागी व्हायची, म्हणून घरात माझं नाव भोंगा. भोंग्याला गप्प बसून ऐकायची नोकरी मिळाली, ह्यावर आत्या इतकी वर्षं हसत आली.

वाहिनी काही एका दिवसात बिघडली नाही. आधी गणिताचा कार्यक्रम पहाटे पाचला ढकलला, मग तो गेलाच. मग झपाटलेली दीपगृहं आली. मग एका मालिकेत डॉक्टरचं काम करणारा नट आमच्याकडे सागरी जीवशास्त्रज्ञ म्हणून आला. पांढरा कोटसुद्धा तोच. मी त्याच्या कॉलरला माइक लावत होते तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "ताई, ती मत्स्यकन्या खरंच सापडली का हो?" मी म्हटलं, "शास्त्रज्ञ तुम्ही आहात." दोघंही दात काढून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. वाहिनीच्या बोधचिन्हात पूर्वी उघडं पुस्तक होतं. आता तिथे एक डोळा आहे, आणि तो मिचकावतो.

आमचा दिग्दर्शक कुठलंही चित्रीकरण बघितलं की एकच प्रश्न विचारतो, "ह्यात थरार कुठंय?" म्हणून त्याच्या पाठीमागे सगळे त्याला थरारच म्हणतात. एके दिवशी त्यानं मला गाठलं.

"पाण्याच्या बाई तुझ्या सख्ख्या आत्या? आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तू आत्ता विचारतोयस."

"तळ्यावर फिल्म करतोय. 'तळ्याचं रहस्य'. बाई बोलल्या तर वजन येईल."

"रहस्य कसलं?"

"अगं, नावात रहस्य लागतंच. आत सगळी माहिती. दोन्ही बाजू दाखवायच्यात."

कसल्या दोन्ही बाजू, तळ्याला चारही बाजूंनी कठडा आहे. तिथेच मी ओळखायला हवं होतं. पण आत्याला मी विचारलं तर ती इतकी खूश झाली की माझ्यातली शंका मागे पडली. ती माझ्याच इमारतीत, एक मजला खाली राहते. तिनं कपाटावरून जुन्या वह्या काढल्या, एकेक पुसली, ठेवणीतले कपडे घातले आणि थरार येण्याआधी एक तास खुर्चीत जाऊन बसली.

दोन तास मुलाखत चालली. थरार पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी यायचा.

"बाई, तळाशी एखादा मोठा प्राणी असू शकेल?"

"नाही. तळाशी गाळ आहे. किती आहे ते ह्या वहीत आहे."

"पण शक्यता?"

"शक्यता मोजायची असते, बाळा. नुसती वाटून उपयोग नाही."

हेडफोनमध्ये तिचा प्रत्येक 'नाही' मी ऐकत होते. इतके स्वच्छ 'नाही' मी बावीस वर्षांत रेकॉर्ड केले नव्हते.

मुलाखत संपली. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "सगळ्यांनी शांत. खोलीचा आवाज घेतेय, तीस सेकंद." ह्या वेळी कॅमेरा बंद करायची आमची जुनी पद्धत. कॅमेरामननं बटणाकडे हात नेलाही, तेवढ्यात थरार हलक्या आवाजात म्हणाला, "असू दे चालू." कॅमेऱ्यावरचा लाल दिवा मला समोर दिसत होता. मनात आलं, हे कशाला? पण रेकॉर्डिंग सुरू झालं होतं आणि बोलले असते तर शांतता बिघडली असती. मी गप्प बसले.

आत्याला काम सांगितलं की ती ते चोख करते. तीस म्हणजे तीस. ती मान खाली घालून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सेकंद मोजत बसली. दोन तास बोलून घसा कोरडा पडला होता, मधेच तिनं आवंढा गिळला. मग मान वर करून म्हणाली, "झाले तीस. बरोबर ना गं, भोंगा?" सगळे हसले. थरार सगळ्यांत मोठ्यानं.

फिल्म लागली रविवारी सकाळी अकराला. आत्याच्या घरात शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले होते. पहिली चाळीस मिनिटं धुकं, ढोल, पाण्यातून वर येणारे बुडबुडे आणि तो कोटवाला नट. आत्याचा एकही 'नाही' कुठे दिसेना. ती तरी म्हणत होती, "येईल, पुढे येईल."

पुढे आलं. पडद्यावर थरारचा आवाज म्हणाला, "बाई, तळ्यात उतरलेले दोन पाणबुडे वर आलेच नाहीत. ही गोष्ट तुम्ही इतकी वर्षं का लपवलीत?" असा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारला नव्हता. असे पाणबुडेच कधी नव्हते! आणि ह्या प्रश्नानंतर पडद्यावर आत्या. मान खाली. गप्प. कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याजवळ. अकरा सेकंद. तिनं आवंढा गिळला आणि चित्र कापलं. मग तो नट गंभीर तोंड करून म्हणाला, "त्यांची शांतताच सगळं सांगून जाते." सगळ्यात शेवटी एक पाटी झळकली, 'काही प्रसंगांचं नाट्यरूपांतर केलं आहे'. दीड सेकंद होती. मी मोजली.

शेजारी एकेक करून उठले. कोणाला मुलाला घ्यायला जायचं होतं, कोणाचा गॅस चालू राहिला होता. दार लागल्यावर आत्या मला म्हणाली, "भोंगा, मला हा प्रश्न विचारला होता का गं? मी विसरले का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं जिनं एक आकडा चुकवला नाही, तिला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी स्वतःच्या डोक्याबद्दल शंका यावी! मी तिला सगळं समजावून सांगितलं. ही तुझी शांतता माझ्या सांगण्यावरून होती, प्रश्न मागून चिकटवला. ती म्हणाली, "पण तेव्हा कॅमेरा कसा चालू होता?"

"चुकून राहिला असेल," मी म्हटलं.

हे मी खोटं बोलले. का बोलले, ते त्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आठवडाभर फोन वाजत राहिला. अनोळखी लोक इमारतीखाली उभे राहून तिच्या खिडकीचे फोटो काढायचे. ते तिनं सोसलं. जे तिला सोसवलं नाही, ते शाळेचं पत्र. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ती जवळच्या शाळेत दर शनिवारी पाण्याचा वर्ग घेते. मुलं घरून बाटलीत पाणी आणतात, तपासतात, वहीत लिहितात. आत्याचा आठवडा शनिवारपाशी सुरू होतो आणि शनिवारपाशीच संपतो. पत्रात लिहिलं होतं की एकेचाळीस पालकांनी सह्या करून अर्ज दिला आहे, सबब वर्ग थांबवला आहे, आणि येत्या शनिवारी दहा वाजता पालकसभेत निर्णय होईल. आत्यानं पत्र घडी करून वहीत ठेवलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी थरारच्या खोलीत गेले. तो खुशीत होता.

"बघितलंस? पाण्याच्या बाई पुन्हा घराघरांत पोचल्या!"

"तो तुकडा काढ. पुनःप्रक्षेपणात तो दिसता कामा नये."

"का? त्यात खोटं काय आहे? बाई गप्प बसल्या होत्या की नव्हत्या?"

"मी सांगितलं म्हणून बसल्या होत्या!"

"ते प्रेक्षकांना कुठं दिसतंय? आणि शेवटी पाटी आहे. वकिलांनी पास केलीय."

"तुझ्या आईला असं बसवशील?"

त्यानं खरोखर क्षणभर विचार केला. मग म्हणाला, "माझ्या आईला कोण ओळखतं?"

त्याच्या कानाखाली जाळ काढायला हात शिवशिवत होते. मी तशीच रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले, त्या मुलाखतीचं मूळ रेकॉर्डिंग घेतलं आणि जेवणाच्या डब्याशेजारी पर्समध्ये टाकलं. तो दारातच उभा होता. "ते वाहिनीचं आहे," तो म्हणाला. "बाहेर नेलंस तर उद्या आत येऊ नकोस." मी म्हटलं, "उद्या शनिवार आहे. मला सभा आहे."

शाळेच्या सभागृहात मुलांचीच बाकं होती. मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. अर्ज पुढे नेणारे होते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. मला वाटलं होतं कोणी भांडकुदळ माणूस असेल. तसं नव्हतं.

"बाई," ते उठून म्हणाले, "लहानपणी तुमचा कार्यक्रम बघून मी कोळशाची गाळणी केली होती. त्यापायी आईचा मार खाल्लाय. म्हणून तर जास्त लागलं मनाला. आता माझी मुलगी आंघोळ करायला घाबरते. नळातून काहीतरी येईल म्हणते. तुम्ही सरळ सांगा, दोन माणसं गेली होती का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मग टीव्हीवर का गप्प बसलात? आणि ही तीच वाहिनी आहे ना? तिथेच तुम्ही आम्हाला शिकवलंत. ती उगाच खोटं कशाला दाखवेल?"

हे ऐकलं आणि मला सगळा डाव लख्ख दिसला. थरारला कोणी ओळखत नव्हतं. त्या नटावर कोणाचा विश्वास नव्हता. लोकांनी विश्वास ठेवला तो आत्याच्या गुरुवारांवर. तिनं आणि तिच्यासारख्यांनी वाळू-कोळसा चाळून वर्षानुवर्षं जो विश्वास मिळवला, तोच ह्या लोकांनी तिच्याविरुद्ध वापरला. चोर परवडला, तो निदान घरातलं सामान नेतो!

मी उठले आणि मूळ रेकॉर्डिंग लावलं. सभागृहात माझा आवाज आला, "सगळ्यांनी शांत. खोलीचा आवाज घेतेय, तीस सेकंद." मग शांतता. मग आत्याचं "झाले तीस. बरोबर ना गं, भोंगा?" मला वाटलं, संपलं प्रकरण.

औषधवाल्यांनी हात वर केला. "ताई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण हे मागून जोडलं नसेल कशावरून? हाच तर तुमचा धंदा ना?"

धंदा तोच होता. बावीस वर्षं मी शांततेची ठिगळं लावली होती. मी लावलेलं ठिगळ कोणाला ओळखू येत नाही, ह्याचा मला अभिमान होता.

तेव्हा आत्या उठली. "बरोबर बोलले ते," ती म्हणाली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. हिच्यावर तर अजिबात नको. करून बघू."

तिनं औषधवाल्यांना सगळ्यांसमोर खुर्चीत बसवलं. त्यांच्या बायकोला सांगितलं, फोनवर ह्यांचं चित्रीकरण करा. "आता तीस सेकंद बोलायचं नाही," ती त्यांना म्हणाली. "मोजा हवं तर." ते बसले. आधी हसले, मग बुटांकडे बघत राहिले. नाक खाजवलं. ओठांवरून जीभ फिरवली. मुख्याध्यापकांनी भिंतीवरच्या घड्याळात बघून "झाले" म्हटलं. आत्यानं तो फोन शाळेच्या टीव्हीला जोडून घेतला, आवाज बंद केला आणि टीव्हीशेजारी उभी राहिली. कित्येक वर्षांनी तो गुरुवारचा खणखणीत आवाज मी ऐकला.

"तारीख उलटून गेलेली औषधं नवी चिठ्ठी लावून तुम्ही किती वर्षं विकताय?"

आणि तिनं बटण दाबलं.

पडद्यावर औषधवाले. मान खाली. गप्प. नाक खाजवतायत, ओठ चाटतायत. सभागृहात कोणी हसेना. हे सगळं दोन मिनिटांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत झालं होतं, तरी हसेना. त्यांची बायको "अगं बाई" म्हणून तोंडावर हात धरून बसली. आणि मागच्या बाकावरून एक बाई शेजारणीला कुजबुजल्या, "मी परवाच खोकल्याचं औषध नेलं हो तिथून!"

"अहो!" औषधवाले ताडकन उठले. चेहरा लालबुंद. "मी असलं काही करत नाही! पुसा ते! आधी पुसा!"

"पुसा," आत्या त्यांच्या बायकोला म्हणाली. तिनं ते पुसलं. आत्यानं फोन औषधवाल्यांच्या हातात दिला. "बघून घ्या. गेलं. तुमचं इथल्या चाळीस माणसांनी बघितलं आणि लगेच पुसलं. माझं कोण पुसणार?"

औषधवाल्यांनी फोन बायकोला परत दिला. मग ते टेबलापाशी गेले, अर्ज उचलला आणि स्वतःच्या सहीवर काट मारली. त्यांच्यामागून बाकीचे आले. सगळे नाही, नऊ सह्या तशाच राहिल्या. मुख्याध्यापकांनी घसा खाकरून सांगितलं की पुढच्या शनिवारपासून वर्ग नेहमीप्रमाणे सुरू होईल.

वह्यांची पिशवी जड होती, ती मी घेतली. आम्ही चालत निघालो. मी भलतीच खुशीत होते. नोकरी गेल्याचंसुद्धा काही वाटत नव्हतं. मी आत्याला म्हणत होते, काय जिरवलीस, त्या मागच्या बाईचं तोंड बघितलंस का. आत्या खाली बघून चालत होती. कोपऱ्यावर टीव्हीचं दुकान आहे. दर्शनी काचेत सात टीव्ही मांडलेले आणि सातांवर तेच धुकं, तेच बुडबुडे. वर पट्टी फिरत होती, 'प्रेक्षकांच्या आग्रहास्तव पुन्हा'. आम्ही आपोआप थांबलो. थोड्या वेळानं सातही पडद्यांवर आत्या आली. मान खाली.

"भोंगा," ती काचेकडे बघत म्हणाली, "तेव्हा कॅमेरा चालू आहे हे तुला माहीत होतं?"

मागे बसचा ब्रेक करकचला. दुकानाचं दार उघडून मिटलं. कोणाच्या तरी पिशवीत किल्ल्या खुळखुळल्या. हे सगळं मी ऐकलं, इतका वेळ मी बोलले नाही. आत्या माझ्याकडे वळली. घड्याळाकडे तिनं बघितलं नाही.

"बोल गं," ती म्हणाली. "नाहीतर मी माझ्या मनानं काहीतरी जोडीन."

"माहीत होतं, आत्या. लाल दिवा दिसत होता मला."

तिनं मान हलवली. मग माझ्या हातातली वह्यांची पिशवी काढून घेतली आणि एकटीच पुढे चालायला लागली.